छत्तीस पानांचं भविष्य: चित्रपत्ते चालतात कसे आणि आपला कॅट घडवायचा कसा

मोबाइलवर बोट सरकवताना मध्येच तीन पालथी पानं समोर येतात. "एक निवडा," शांत आवाज सांगतो, "या आठवड्यात तुमच्या वाट्याला काय आहे ते बघू." पान उलटतं, कोसळणारा मनोरा दिसतो आणि सांगलीच्या स्टँडवर तासगाव गाडीची वाट बघणाऱ्या माणसाचा दिवस उगाच जड होतो. पत्त्याला कसं कळलं? आणि कळलं नसेल, तर मन का चरकलं?

याचं उत्तर वाचून जितकं कळतं त्यापेक्षा असा कॅट स्वतः घडवताना जास्त कळतं. कुठल्या तऱ्हेचं उत्तर किती वेळा निघणार, हे कॅट घडवणाऱ्याने पानं छापायच्या आधीच ठरवलेलं असतं. म्हणून इथे दोन्ही गोष्टी एकत्र घेऊ: पत्ते चालतात कसे आणि सातारा-सांगलीच्या चित्रांचा छत्तीस पानांचा कॅट करायचा कसा.

आधी डाव, मग भविष्य

टॅरो म्हणून जे ओळखलं जातं तो मुळात खेळायचा कॅट. १५व्या शतकात उत्तर इटलीतली बडी घराणी तो खेळत. एकूण ७८ पानं. त्यातली ५६ आपल्या नेहमीच्या पत्त्यांसारखी चार रंगांची, फक्त राजा-राणी-गुलामाच्या जोडीला एक घोडेस्वार जास्त. उरलेली २२ म्हणजे सूर्य, चंद्र, मृत्यू, मनोरा अशी चित्रं. ती डावात हुकमाचं काम करत. ज्या 'मृत्यू'च्या पानाने आज माणूस दचकतो, त्याने तेव्हा लोक हात मारत होते.

भविष्य चिकटलं १८व्या शतकात, फ्रान्समध्ये. १७८१मध्ये कूर द जेब्लँ नावाच्या विद्वानाने ही चित्रं म्हणजे प्राचीन इजिप्तचं गुप्त ज्ञान असल्याचं लिहिलं. इजिप्तची चित्रलिपी उलगडायला १८२२ उजाडलं. म्हणजे हा दावा झाला तेव्हा ती लिपी वाचू शकणारा एकही माणूस नव्हता! दुसरा प्रसिद्ध प्रकार लेनोर्माँ, हा ३६ पानांचा. त्याचं मूळ १७९९च्या सुमारास जर्मनीतल्या न्यूरेंबर्गमध्ये निघालेल्या एका घरगुती खेळात आहे. पॅरिसच्या लेनोर्माँबाई नामांकित भविष्यवाल्या होत्या. १८४३मध्ये त्या वारल्या आणि पुढे त्यांचं नाव या पत्त्यांना लागलं.

आपल्याकडे सावंतवाडीच्या गंजिफाची गोल पानं आहेत. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, एकूण १२०. तीही खेळायचीच. भविष्य सांगायला आपल्याकडे पिंगळा होता, कुडमुडे जोशी होते आणि पिंजऱ्यातून बाहेर येऊन पाकीट ओढणारा पोपट होता. रामशलाका प्रश्नावलीत २२५ घरं असतात. डोळे मिटून एका घरावर बोट ठेवायचं आणि दर नववं अक्षर जुळवत गेलं की नऊपैकी एक चौपाई हाती लागते. बोट कुठेही पडो, उत्तरं नऊच. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पान बोलत नाही, मग बोलतं कोण?

"तुम्ही माणसांसाठी खूप करता, पण त्याचं चीज होत नाही." हे वाक्य कराडच्या बाजारात शंभर जणांना ऐकवा, बहुतेक माना हलतील. १९४८मध्ये अमेरिकेत बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने हेच मोजून पाहिलं. वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'तुमच्या स्वभावाचं वर्णन' म्हणून कागद दिला. वर्णन कितपत जुळतं, याला पाचपैकी गुण द्यायचे होते. सरासरी चारच्या वर गेली. सगळ्यांच्या हातातला मजकूर एकच होता आणि तो बाजारात मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला होता.

पत्त्यांत याच्या जोडीला चित्र असतं. चित्रात रिकामी जागा असते आणि ती भरतो प्रश्न विचारणारा. पुलावर उभी असलेली बाई दाखवली की बदलीच्या विवंचनेतल्याला ती निघालेली दिसते, मुलगी सासरी गेलेल्या आईला ती परत येणारी दिसते. समोरचा माणूस अनुभवी असेल तर तो चेहरा वाचतो, कुठल्या शब्दावर डोळे हलले ते टिपतो आणि पुढचं वाक्य त्या बाजूला वळवतो. याला कोल्ड रीडिंग म्हणतात. पुष्कळदा सांगणाऱ्यालाही आपण हे करतोय याचा पत्ता नसतो, त्यामुळे प्रत्येकाला लबाड ठरवायची घाई नको.

मग उपयोग काय? आहे. डोक्यात गरगरणारा विषय समोर टेबलावर मांडला जातो. तिऱ्हाईत चित्राच्या आडून माणूस जे बोलतो ते सरळ विचारलं तर बोलत नाही. तेवढंच. त्यापलीकडचं काही मिळेल अशा आशेने पान उचलू नये.

निकाल घडवणाऱ्याच्या हातात असतो तो असा

एका वेळी तीन पानं काढायची, असं धरू. ३६ पैकी तीन क्रमाने काढायचे ४२,८४० प्रकार होतात. ऐकायला अफाट वाटतं. पण त्या ३६ मध्ये अडचणीची, इशाऱ्याची पानं १२ ठेवली, तर दर शंभर वेळांपैकी सुमारे ७२ वेळा तिघांत एक तरी इशारा निघणारच. तीच पानं ६ ठेवली की हा आकडा ४३वर येतो. नशीब तेच, माणूस तोच. बदललं ते घडवणाऱ्याचं माप.

उलट्या पानांची पद्धत आणखी मजेशीर. पान डोकं खाली करून निघालं तर त्याचा अर्थ फिरवायचा, असं बरेच जण करतात. उलटं म्हणजे वाईट, असा नियम केला आणि पिसताना पानं नीट उलटसुलट झाली, तर मुळात वाईट पान एकही नसलं तरी तिघांत एक तरी वाईट निघायची शक्यता ८७.५ टक्के होते. मग त्यावर 'उपाय' विकणं फार सोपं. पहिल्या कॅटला उलटी पानं ठेवूच नका, असं आमचं स्पष्ट मत आहे.

सहा इशारे, बारा दिलाशाची पानं आणि अठरा दुतोंडी, हे माप चांगलं चालतं. दुतोंडी म्हणजे दोन्हीकडे वळू शकणारी, आणि खरी मेहनत त्यांच्यावरच होते.

सातारा-सांगलीत चित्रांना तोटा नाही

परदेशी कॅटमधली शिरस्त्राणं आणि मनोरे आपल्या माणसाला पुस्तकातून शिकावे लागतात. ओळखीची वस्तू दाखवली की अर्थ आपोआप सुटतो. पण नुसती वस्तू काढू नका. वस्तूबरोबर काहीतरी घडताना दाखवा.

सांगलीजवळच्या हरिपूरचं हळदीचं पेव घ्या, म्हणजे हळद साठवायचा जमिनीतला खड्डा. तोंड अरुंद, पोट मोठं, आत अंधार. हळद तिथे वर्षानुवर्षं टिकते, म्हणून ही साठवलेली पुंजी. पण २००५च्या पुराचं पाणी पेवांत शिरलं आणि होत्याचं नव्हतं झालं, म्हणून हाच लपलेला धोकाही. शिवाय पेव उघडल्या उघडल्या कोणी आत उतरत नाही, कोंडलेली हवा आधी बाहेर जाऊ द्यावी लागते. जुना विषय काढला की लगेच निवाडा करू नये, हा अर्थ सांगायला वेगळी पोथी लागत नाही.

कराडचा प्रीतिसंगम. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात आणि मग काटकोनात वळून एकत्र जातात. दोन हट्टी माणसांसाठी याहून नेमकं पान सापडणार नाही. मिरजेचा तंबोरा: तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा केसभर सरकवला की जवारी, म्हणजे तारेचा झंकार, खुलते. इथे अर्थ मोठ्या बदलाचा नाही, बारीक दुरुस्तीचा आहे. लिंबची बारा मोटेची विहीर म्हणजे एकट्याने न होणारं काम. कासचं पठार म्हणजे थोडक्या मातीत थोडे आठवडे फुलणारं, वेळ साधावी लागणारं काही. शेडवर वाळत घातलेला बेदाणा आणि वर भरून आलेलं आभाळ, हे सरळ इशाऱ्याचं पान. तासगावच्या माणसाला समजावून सांगायची गरजच नाही. पूर मात्र इशाऱ्यात टाकू नका. तो घर नेतो आणि गाळही देतो, त्याची जागा दुतोंड्यांत. एसटीचा थांबा, कारखान्याचा भोंगा, ठोसेघरची धार, कंदी पेढ्याची कढई, अर्धवट भरलेली उसाची गाडी: यादी करायला बसलात की छत्तीसची साठ होतात. मग गाळायची.

देवदेवता आणि शिवकालीन थोर माणसं यांना पत्त्यावर आणू नये. पान पिसलं जातं, खाली पडतं, पायाखाली येतं. वाद ओढवून घेण्यात अर्थ नाही. अजिंक्यतारा किल्ला म्हणून काढा, तेवढा पुरेसा बोलका आहे.

चित्र जमलं की नाही, हे ओळखायची एक साधी कसोटी आहे. नाव झाकून पाच जणांना विचारा, "इथे काय चाललंय?" पाचही जण एकच शब्द बोलले तर चित्र फार बांधलेलं आहे. कोणालाच काही सुचलं नाही तर ते गढूळ आहे. दोन-तीन वेगळी पण जवळपासची उत्तरं आली की पान पक्कं.

"सरळ जुनी चित्रं उचलली तर?"

आज सर्वांत जास्त नकला होतात त्या लंडनमध्ये १९०९मध्ये निघालेल्या टॅरोच्या. कल्पना आर्थर वेट यांची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. त्याआधीच्या प्रचलित संचांत साध्या आकड्यांच्या पानांवर नुसती चिन्हं असत, पाच पेले, सात तलवारी. या बाईंनी त्या पानांवरही पूर्ण प्रसंग रंगवले. नवशिक्याला चित्र बघून बोलता येऊ लागलं ते तिथून. एवढ्या कामाचे पैसे अगदीच थोडे मिळाल्याचं त्यांनी पत्रात लिहून ठेवलंय. गावातल्या चित्रकाराकडून कॅट करून घेणार असाल, तर हे आठवून आधी लेखी करार करा: मानधन किती, पुन्हा छापलं तर किती, मूळ चित्रं कोणाकडे राहणार.

भारतात चित्राचा हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. स्मिथ १९५१मध्ये गेल्या, त्यामुळे त्यांची मूळ चित्रं इथे २०१२पासून खुली आहेत. नंतर कोणी नव्याने रंगवलेली किंवा बदललेली आवृत्ती मात्र खुली असेलच असं नाही. नेटवरून उतरवलेलं चित्र बहुधा अशाच एखाद्या आवृत्तीचं असतं.

कागदापासून कटिंगपर्यंत

पानाचा आकार खेळायच्या पत्त्याएवढा घ्या, ६३ × ८८ मिलिमीटर. टॅरोचं पान साधारण ७० × १२० असतं. ते दिसतं छान, पण लहान हातांना पिसता येत नाही आणि कागदही जास्त खातं. चित्र दुप्पट मापात काढा, १२६ × १७६. ए-फाइव्ह कागदावर ते बरोबर बसतं. ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन करून निम्मं केलं की छपाईला लागते त्याहून जास्त स्पष्टता हाताशी राहते.

चारही बाजूंनी ३ मिलिमीटर चित्र जास्तीचं ठेवायचं. याला ब्लीड म्हणतात: पातं जरा हललं तरी पांढरी कड दिसू नये म्हणून सोडलेली शिवण. लुगड्याला काठ लावताना आत थोडं कापड दुमडतात, तसंच. अक्षरं आणि चेहरे कापायच्या रेघेपासून किमान ४-५ मिलिमीटर आत हवेत. ब्लीड धरून पान ६९ × ९४ होतं. १२ × १८ इंची कागदावर अशी आडवी तीन, उभी सहा, म्हणजे अठरा पानं बसतात. दोन कागदांत छत्तीस! छत्तीसचा आकडा इथे तरी कामाला येतो. सगळी पानं एकाच दिशेने मांडा. एखादं आडवं घुसवलं तर कागदाच्या धाग्याची दिशा बदलते आणि ते पान इतरांपेक्षा वेगळं वाकतं. पिसणाऱ्याच्या बोटांना ते ओळखू येऊ लागतं.

प्रेसमध्ये सांगताना एवढं पुरतं: ३०० जीएसएम आर्ट कार्ड, दोन्ही बाजूंनी मॅट लॅमिनेशन, राउंड कॉर्नर. लग्नपत्रिका आणि व्हिजिटिंग कार्ड छापणाऱ्या माणसाला हे रोजचं आहे. दहा-वीस कॅटसाठी डिजिटल छपाईच परवडते, ऑफसेटचा विचार काही शे कॅट काढायचे असतील तेव्हा.

आता चुकतं कुठे. एकाच बाजूने लॅमिनेशन केलं की पान पापडासारखं वळतं. साताऱ्याच्या पावसात तर आठवड्याभरात. पाठीवर बारीक चौकट काढली की पुढची-मागची छपाई एक-दोन मिलिमीटर सरकलेली लगेच दिसते. म्हणून चौकट नको, सगळीकडे सारखी नक्षी हवी, आणि ती अर्ध्या फेऱ्यात फिरवली तरी तशीच दिसायला हवी. गर्द काळी पाठ घेऊ नका. कडा झिजल्या की पांढरं डोकावतं आणि कोणतं पान कोणतं ते पालथं असतानाच कळू लागतं. नाव काळ्या अक्षरांत असेल तर ते फक्त काळ्या शाईने छापायला सांगा. चार शाया मिसळून केलेलं काळं जरा सरकलं की शिरोरेषेला रंगीत सावली येते. काळ्यावर पांढरी बारीक अक्षरं काढली तर शाई पसरून शिरोरेषाच बुजते.

आणि रंग. पडद्यावर दिसणारा कासच्या फुलांचा जांभळा कागदावर तसा उतरत नाही, मळकट निळसर होतो. हळदीचा पिवळा छान उतरतो, पण त्यात निळ्याचा थेंब शिरला की हिरवट दिसतो. म्हणून सगळं छापायच्या आधी एक कागद प्रूफ म्हणून काढून घ्या आणि तो दिवसाच्या उजेडात पाहा, प्रेसच्या ट्यूबलाइटखाली नको. कटिंगला ढीग लहान ठेवायला सांगा. मोठ्या ढिगात खालची पानं सरकतात आणि तिरपी कापली जातात. डबी सगळ्यात शेवटी करा. लॅमिनेशनसकट छत्तीस पानांची जाडी सव्वा सेंटीमीटरच्या आसपास भरते, पण मोजूनच माप द्या. रबरबँड लावू नका, कडा दबतात.

पिसणं आणि मांडणं

हातातली खालची पानं वर घेत राहणं, हे आपलं नेहमीचं पिसणं फारसं मिसळत नाही. शेजारची पानं शेजारीच राहतात. दोन भाग करून कडा एकमेकांत फर्रकन सोडायच्या पद्धतीने ५२ पानं नीट मिसळायला सातेक वेळा लागतात, असं गणितज्ञांनी १९९२मध्ये दाखवलं. लॅमिनेशनची जाड पानं मात्र तशी सुटत नाहीत. त्यापेक्षा टेबलावर सगळी पालथी पसरा, दोन्ही तळव्यांनी मिनिटभर घोळा, गोळा करा आणि समोरच्याला काटायला द्या.

मांडणी तीन पानांचीच बरी. 'भूत, वर्तमान, भविष्य' असं न म्हणता 'आहे काय, आडवं काय येतंय, माझ्या हातात काय आहे' असं म्हणा. प्रश्नही वळवून घ्यावा लागतो. "भरतीत माझं नाव लागेल का?" याला पत्त्याकडे उत्तर नाही. "या खेपेला मी काय वेगळं करू शकतो?" याला आहे. पान उघडल्यावर आधी फक्त चित्रात काय दिसतंय ते विचारणाऱ्यानेच बोलायचं, अर्थ नंतर. शेवटी एक ठोस काम ठरवून कागदावर लिहायचं, तारखेसकट. आणि तोच प्रश्न महिनाभर पुन्हा नाही. मनासारखं पान येईपर्यंत काढत बसलं, तर ते कधीतरी येणारच.

"हे अंधश्रद्धेत आणि कायद्यात येत नाही का?"

महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा २०१३चा. त्यासाठी वर्षानुवर्षं झगडलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचेच. २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा मंजूर झाला. नुसता ज्योतिषाचा सल्ला त्यात गुन्हा धरलेला नाही. अंगात दैवी शक्ती असल्याचं भासवून फसवणं, भीती घालणं, औषधोपचारापासून रोखणं हे मात्र गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. मंत्र-ताईत अशा चमत्काराने आजार बरा करण्याची जाहिरात १९५४च्या केंद्रीय कायद्यानेही बंद आहे. म्हणून आजार, गरोदरपण, हरवलेला माणूस, कोर्टकज्जा आणि चोर कोण, या प्रश्नांना पानं उघडायचीच नाहीत. शेवटचा प्रश्न दिसतो निरुपद्रवी, पण त्यातून भावकीत डोकी फुटतात.

"पण अंदाज तर शास्त्रज्ञही सांगतात!"

सांगतात. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. कोयनेतून किती पाणी सोडलं, वारणेतून किती येतंय, पाऊस किती पडतोय, हे मोजून सांगलीत पाणी कितीवर जाईल ते सांगितलं जातं. चुकलं तर कुठला आकडा चुकला ते शोधता येतं आणि पुढच्या खेपेला सुधारता येतं. पानामागे अशी नदी नाही. वर धरणातून काही सुटलेलं नसतं, की जे खाली पत्त्यावर उमटावं.

"आणि तरी माझ्या बाबतीत खरं ठरलं, त्याचं काय?"

वही करा. पान काढल्याच्या दिवशीच तारीख, प्रश्न, तीन पानं आणि सांगितलेलं वाक्य जसंच्या तसं लिहा. 'लवकरच बदल संभवतो' असं वाक्य आलं तर विचारा, कधीपर्यंत आणि कुठला. उत्तर मिळालं नाही तर तिथे फुली. मग एका कागदावर दुसरीच तीन पानं चिठ्ठ्या टाकून निवडा, त्यांचाही अर्थ त्याच प्रश्नासाठी लिहा आणि तो कागद पाकिटात बंद करा. तीन महिन्यांनी दोन्ही वाक्यं अशा माणसाला वाचायला द्या, ज्याला कुठलं कशातून आलं ते माहीत नाही. कुठलं जास्त जुळलं ते त्याला ठरवू द्या. असे वीस प्रश्न झाले की बेरीज करा. पाकिटातली वाक्यंही निम्म्याच्या आसपास वेळा जिंकली, तर तुमची खरी ठरलेली पानं किती खरी होती ते वहीतच दिसेल.